पोलादपूरची जमीन, महाडचा फ्लॅट आणि अमेरिकेचा टॅक्स: सातबाऱ्यावर नाव असलेल्या एनआरआयने नेमकं काय कळवायचं?

समजा, पोलादपूर तालुक्यातल्या एका गावात वडिलांच्या नावावर दीड एकर शेतजमीन आहे. वडील वारले. तलाठ्याकडे वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर तीन नावं लागली: आई, मुंबईत नोकरी करणारा मुलगा आणि न्यूजर्सीत राहणारी मुलगी. मुलगी आता अमेरिकेची नागरिक आहे.

ती गणपतीला गावी आली की भाऊ म्हणतो, "ताई, आपल्या जमिनीला गिऱ्हाईक आलंय. तू फक्त सही कर. गावच्या शेतजमिनीवर टॅक्स नसतो."

भाऊ चुकीचं सांगत नाही. पण तो सांगतोय ते फक्त भारताचं. ताईला दोन देशांच्या कायद्यांना उत्तर द्यायचं आहे आणि या दोन कायद्यांचं एकमेकांशी जमतंच असं नाही.

महाड-पोलादपूरकडचा माणूस आधी मुंबईला गेला, पुढची पिढी अमेरिकेला गेली. गावच्या घरात आणि जमिनीत नाव मात्र राहिलं. अशा कुटुंबांना हे नियम माहीत असणं गरजेचं आहे.

अमेरिकेचा गावच्या जमिनीशी संबंध काय?

बहुतेक देश तिथे राहणाऱ्यांकडून कर घेतात. अमेरिका नागरिकत्वावरून कर घेते. असं करणारा दुसरा देश म्हणजे इरिट्रिया. अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. एच-वन-बी व्हिसावर असलेले लोकही तिथल्या मुक्कामाच्या दिवसांच्या हिशोबाने याच नियमात येतात.

भारत आणि अमेरिकेत दुहेरी कर टाळण्याचा १९८९चा करार आहे. पण जमीन-घराचं उत्पन्न फक्त भारतातच करपात्र राहील, असं तो म्हणत नाही. भारत पहिला कर घेऊ शकतो. अमेरिकाही हिशोब करते आणि भारतात भरलेल्या कराची वजावट देते. भारतात कर शून्य असेल, तर वजावटही शून्य.

एनआरआयला गावात जमीन विकत घेता येते का?

फ्लॅट, घर, दुकान किंवा बिनशेती म्हणजे एनए प्लॉट घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस किंवा बागायती मळा घेता येत नाही. फेमा कायद्याखालचा हा नियम एनआरआय आणि ओसीआय कार्डधारक दोघांनाही लागू आहे. नात्यातल्या माणसाने बक्षीसपत्राने शेतजमीन द्यायची म्हटली तरी ती या दोघांना घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र येते.

म्हणून आधीच्या उदाहरणात ताईचं नाव सातबाऱ्यावर लागणं पूर्ण कायदेशीर आहे. मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती देशात २००५ साली झाली. महाराष्ट्राने तशी दुरुस्ती १९९४ सालीच केली होती. विकताना मात्र शेतजमीन भारतात राहणाऱ्यालाच विकता येते आणि महाराष्ट्राच्या कुळकायद्यानुसार घेणारा सहसा शेतकरीच असावा लागतो.

नुसतं घर किंवा जमीन असल्याचं कळवावं लागतं का?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. स्वतःच्या नावावरचं परदेशातलं घर किंवा जमीन, तिथून उत्पन्न असो वा नसो, अमेरिकेच्या परदेशी मालमत्तेच्या 'फॉर्म ८९३८'मध्ये दाखवावी लागत नाही. वर्षातून एकदा गणपतीला उघडणाऱ्या घरावर अमेरिका कर मागत नाही.

पण कळवण्याच्या दोन जागा आहेत.

पहिली, बँक खाती. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षातल्या एकाही दिवशी १० हजार डॉलरच्या वर गेली, तर 'एफबार' नावाचा ऑनलाइन अहवाल द्यावा लागतो. हे साधारण साडेआठ-नऊ लाख रुपये होतात. आईबरोबरचं जॉइंट खातं यात येतं. पैसे आपले नसले तरी ज्या खात्यावर सहीचा अधिकार आहे तेही येतं. म्हणजे जमिनीचे २० लाख एनआरओ खात्यात आठवडाभर राहिले, तरी त्या वर्षाचा एफबार लागू होतो. चुकून राहिला तरी दंड १० हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. हा दंड खात्यागणिक नव्हे, तर वर्षाच्या एका अहवालागणिक मोजायचा, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ साली सांगितलं. मुद्दाम लपवलं तर रक्कम कितीतरी मोठी असते.

दुसरी, वारसा. परदेशी व्यक्तीकडून वर्षभरात एक लाख डॉलरपेक्षा जास्त मोलाचा वारसा किंवा भेट मिळाली, तर 'फॉर्म ३५२०' भरावा लागतो. जमिनीची किंमतही यात धरली जाते. यावर कर नाही, ही फक्त माहिती आहे. पण ती दिली नाही तर दर महिन्याला ५ टक्के, जास्तीत जास्त २५ टक्के दंडाची तरतूद आहे. उशिरा भरणाऱ्यांना हा दंड आपोआप लावण्याची पद्धत थांबवत असल्याचं अमेरिकेच्या कर खात्याने, म्हणजे आयआरएसने, २०२४ मध्ये जाहीर केलं. तरतूद मात्र कायम आहे.

"भारतातली माहिती तिकडे कशी कळणार?" असं अनेकांना वाटतं. दोन्ही देशांनी जुलै २०१५ मध्ये 'फॅटका' करारावर सह्या केल्या. भारतीय बँका अमेरिकेशी संबंधित खात्यांची माहिती आयकर खात्यामार्फत तिकडे पाठवतात. बँकेत 'फॅटका डिक्लरेशन'वर सही घेतात ती त्याचसाठी.

महाडचा फ्लॅट भाड्याने दिला तर?

समजा, महाड शहरातला फ्लॅट एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या कुटुंबाला भाड्याने दिला आहे. मालक एनआरआय असेल, तर भाडेकरूने ३० टक्के अधिक सेस इतका टीडीएस कापून भरायचा असतो. अनेक भाडेकरूंना हे माहीतच नसतं. भारतात मालकाने रिटर्न भरलं, तर जास्त कापलेला कर परत मिळू शकतो.

तेच भाडं अमेरिकेच्या रिटर्नमध्येही दाखवावं लागतं. तिथला हिशोब वेगळा असतो. भारतात दुरुस्ती-देखभालीसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते. अमेरिकेत प्रत्यक्ष खर्च आणि इमारतीचा घसारा धरतात. २०१८ पासून भाड्याने दिलेल्या परदेशातल्या घराला हा घसारा ३० वर्षांत विभागतात. वर्षही वेगळं: आपलं एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे पावत्या महिन्यानुसार ठेवल्या तर दोन्हीकडे कामी येतात.

आणखी एक गोष्ट महाडकरांनी लक्षात ठेवावी. जुलै २०२१ च्या महापुरात शहरातल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं. स्वतःच्या वापराच्या घराचं असं नुकसान अमेरिकेच्या रिटर्नमध्ये वजा करता येत नाही, कारण ही सवलत तिथे सरकारने जाहीर केलेल्या आपत्तींपुरती आहे. अशा घराच्या घरपट्टीचीही वजावट २०१८ पासून मिळत नाही.

विकताना दोन देशांचं गणित कसं बदलतं?

आता पुन्हा ताईकडे येऊ.

ग्रामीण शेतजमीन भारतात 'भांडवली मालमत्ता' धरली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. ग्रामीण कोणती, हे जवळच्या शहराच्या लोकसंख्येवर ठरतं. महाड नगरपरिषदेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ हजारांच्या आसपास होती. त्यामुळे तिच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या आतली शेतजमीन करात येते, त्यापलीकडची येत नाही.

अमेरिकेत ही सवलत नाही. तिथे नफ्यावर कर आहे आणि भारतात काही भरलेलं नसल्याने वजावट नाही.

पण नफा किती, हे मोजायची पद्धत ताईच्या बाजूची आहे. वारसाने आलेल्या मालमत्तेची मूळ किंमत म्हणून अमेरिका साधारणपणे वडिलांच्या मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरते. समजा, जमीन ६० लाखांना गेली आणि ताईच्या वाट्याला २० लाख आले. वडील वारले तेव्हा तिच्या हिश्शाची किंमत १८ लाख होती, तर नफा २ लाखांचा. (प्रत्यक्षात दोन्ही रकमा त्या-त्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये बदलाव्या लागतात.) ते पंधरा वर्षांपूर्वी वारले आणि तेव्हाची किंमत ५ लाख असेल, तर नफा १५ लाखांचा.

हे १८ लाख सिद्ध कशाने करायचे? मूल्यांकनाचा अहवाल लागतो आणि तो बहुतेकांकडे नसतो.

फ्लॅट किंवा एनए प्लॉटचं गणित उलटं पडू शकतं. भारत वारसाच्या मालमत्तेला आधीच्या मालकाची खरेदी किंमत धरतो. खरेदी २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्य घेता येतं. म्हणजे भारतात नफा मोठा आणि अमेरिकेत छोटा दिसू शकतो. २३ जुलै २०२४ पासून एनआरआयला दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि महागाईची वजावट, म्हणजे इंडेक्सेशन, नाही. रहिवासी विक्रेत्याचा टीडीएस १ टक्का असतो आणि तोही किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तरच. एनआरआयच्या बाबतीत मात्र पूर्ण दराने आणि अनेकदा सगळ्या किमतीवर कापला जातो. तो कमी करायचा तर आयकर खात्याचं कमी कपातीचं प्रमाणपत्र विक्रीच्या आधी घ्यावं लागतं.

विक्रीचे पैसे एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. ते भारतातच म्युच्युअल फंडात टाकले, तर अमेरिकेत त्यांना वेगळे आणि कडक नियम लागतात.

"मला नको, भावाला दे" म्हटलं तर?

घरोघरी होणारी गोष्ट हीच. बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, पैसे घेत नाही. गावात हा विषय तिथेच संपतो.

अमेरिकेच्या नजरेत ती बहिणीने भावाला दिलेली भेट ठरू शकते. २०२५ साठी एका व्यक्तीला १९ हजार डॉलरपेक्षा, म्हणजे साधारण १६-१७ लाख रुपयांपेक्षा, जास्त मोलाची भेट दिली तर 'फॉर्म ७०९' भरावा लागतो. आयुष्यभराची सूट खूप मोठी असल्याने प्रत्यक्ष कर सहसा लागत नाही. फॉर्म न भरणं हीच चूक ठरते.

वडील वारल्यापासून नऊ महिन्यांत, काहीही लाभ न घेता, लेखी हक्क नाकारला तर ती भेट धरत नाहीत. अट अशी, की हिस्सा कोणाला जावा हे नाकारणाऱ्याने ठरवायचं नाही. आपल्याकडची हक्कसोडपत्रं तर "भावाच्या लाभात" असंच म्हणतात. त्यामुळे मजकूर आधी दाखवून घेतलेला बरा. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलीचा हिस्सा जन्मापासून धरला जातो. मग वारसाने नेमकं किती आलं, हा प्रश्नही जाणकाराकडेच न्यावा लागतो.

सही करण्याआधी काय करावं?

• मृत्यूच्या तारखेचं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्या. त्या वर्षाचा रेडी रेकनर दर सोबत जोडा.
• फेरफार उतारा, सातबारा आणि मृत्यूचा दाखला यांच्या प्रती एकत्र ठेवा.
• भारतातल्या प्रत्येक खात्याची वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक लिहून ठेवा, आईबरोबरच्या खात्याचीही.
• इथला सीए आणि तिथला टॅक्स सल्लागार या दोघांना एकच कागद दाखवा. एकट्याचं उत्तर अर्धंच असतं.

आधीच्या वर्षांचं राहून गेलं असेल आणि ते मुद्दाम केलेलं नसेल, तर आयआरएसकडे चूक सुधारण्याच्या सवलतीच्या योजना आहेत. त्यांचा फायदा मिळतो तो तिथून नोटीस येण्याआधी.

भावाला गिऱ्हाईक थांबेल का याची काळजी असते. मूल्यांकनाला चार दिवस लागतील, एवढंच ताईने त्याला सांगायचं आहे.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्येक कुटुंबाची कागदपत्रं वेगळी असतात, त्यामुळे निर्णयाआधी तज्ज्ञांचा सल्ला घ्या.)