आधी जेवणाचा डबा, मग पावडरचा

जिम लावून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. बेंच प्रेसला अजून रिकामा रॉडच हातात असतो, स्क्वॉट मारून जिना उतरताना पाय थरथरत असतात. तरी प्रश्न येतोच, ‘दादा, कुठला डबा घेऊ?’ दादाचं उत्तर तयार असतं. बऱ्याचदा तो डबाही जिमच्या काउंटरवरच विकायला ठेवलेला असतो.

हा प्रश्न तुम्हीही कधीतरी विचारला असेल. विचारण्यात काहीच चूक नाही. फक्त त्याच्या आधीचा एक प्रश्न आपण गाळून टाकतो : आत्ता माझ्या जेवणात प्रोटीन जातंय किती?

मुळात ही पावडर आहे काय, ते बघू. चीज बनवताना दुधातलं केसिन घट्ट होऊन वेगळं होतं आणि पिवळसर पाणी उरतं. ते पाणी गाळून, वाळवून जी भुकटी होते ती व्हे प्रोटीन. दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे असतं. व्हे लवकर पचतं आणि स्नायूंना लागणारं ल्युसिन त्यात भरपूर असतं. थोडक्यात, दुधाचाच एक भाग. त्यामुळे ‘पावडरशिवाय बॉडी होत नाही’ हे जितकं चूक, तितकंच ‘पावडर घेतली की किडनी गेलीच’ हेही चूक. किडनी निरोगी असेल तर योग्य प्रमाणातल्या प्रोटीनने ती बिघडते असा पुरावा नाही. मात्र किडनीचा त्रास, मधुमेह किंवा ब्लडप्रेशर असेल, तर आधी डॉक्टर, मग डबा.

आता हिशेब. भारतीयांसाठी ठरवलेलं प्रोटीनचं रोजचं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. नियमित वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतं, पण किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास गेल्यावर बहुतेकांना आणखी वाढवून फारसा फायदा दिसत नाही. तुमचं वजन ६५ किलो धरलं, तर हे झाले १०४ ग्रॅम.

मेसवर जेवणाऱ्या पोराचा दिवस आठवा. सकाळी पोहे-चहा, दोन वेळा चपात्या, भाजी, भात, पातळ वरण आणि संध्याकाळी वडापाव. पोट भरतं, पण प्रोटीन कसंबसं ४५-५० ग्रॅम होतं. म्हणजे पन्नासएक ग्रॅम कमी.

हे पन्नास ग्रॅम आणायचे कुठून? चार अंडी म्हणजे २४ ग्रॅम. अर्धा लिटर दूध म्हणजे १६. पन्नास ग्रॅम फुटाणे म्हणजे १०. झाले पन्नास! अंडं खात नसाल, तर पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत २६, अर्ध्या लिटर दुधात १६ आणि मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम मिळतात. गावोगावी भाव वेगळे असतील, पण अंडी-दूध-फुटाण्यांचा खर्च सत्तर-ऐंशी रुपयांच्या आसपास जातो. किलोचा डबा अडीच-तीन हजारांना घेतला तर त्यात तीस-तेहतीस स्कूप बसतात. एक स्कूप पडतो पाऊणशे ते नव्वद रुपयांना आणि त्यात प्रोटीन असतं साधारण २४ ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच पैशात निम्मं.

मग डबा कुणासाठी? ज्याचं जेवण आधीच नीट आहे आणि तरी वीस-पंचवीस ग्रॅम कमी पडतात, त्याच्यासाठी. सकाळचं प्रॅक्टिकल, दुपारची लेक्चर्स आणि लोकलचा प्रवास यात ज्याला दोन घास खायला वेळच मिळत नाही, त्याच्यासाठी. आणि स्पर्धेत उतरणाऱ्या बॉडीबिल्डरसाठी. स्पर्धेआधी तो चरबी उतरवायला खाणं मोजून कमी करतो, पण स्नायू टिकवायला प्रोटीन भरपूर ठेवावं लागतं. कमी कॅलरीत जास्त प्रोटीन, हे काम पावडर चोख करते. पोस्टरवरचा तो गडी डबा घेतो, त्यामागे हे गणित असतं. तुमचं गणित वेगळं आहे. आणि शेवटचा सेट टाकून अर्ध्या तासात शेक प्यायला नाही तर मेहनत वाया गेली, असंही काही नाही. दिवसभरात एकूण किती गेलं, ते महत्त्वाचं.

१९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी बंगालचे मनोहर आईच आपल्या गटात ‘मिस्टर युनिव्हर्स’ झाले. तेव्हा आजच्यासारखे व्हेचे डबे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नव्हते. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायचं नाही. पण शरीर कमवायला डबा ही अट नव्हती आणि आजही नाही.

खरी काळजी पुढची आहे. डब्याच्या पैशासाठी मेसची एक वेळ बंद करणारी मुलं आहेत. ताटातलं जेवण सोडून स्कूप घ्यायचा, याला कमाई कशी म्हणायची? ‘गेनर’चं लेबल नीट वाचा. बऱ्याच गेनरमध्ये मुख्य माल माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्वस्त पिठूळ साखरच असते. २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा जवळपास ७० टक्क्यांवर छापलेली प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेनेही शरीर कमवण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळण्याचा सल्ला दिला. तरी घ्यायचंच ठरवलं, तर सुटी पावडर घेऊ नका, सील बघा, चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक बघा आणि पक्कं बिल मागा. बिल देताना जो कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊ नका.

आणि एक गोष्ट स्पष्टच. डब्यानंतर दोन महिन्यांत ‘रिझल्ट’ दिसला नाही की कुणीतरी कानाशी लागतं, ‘एक छोटी गोळी घे’, ‘एकच सायकल मार’. ते प्रोटीन नाही, ते स्टेरॉइड. हार्मोन्स, लिव्हर, हृदय, सगळ्यांशी खेळ. तिथे ‘बघू या करून’ नाही. सरळ नाही म्हणायचं आणि ती जिम सोडायची.

आज रात्री एक काम करा. दिवसभरात काय खाल्लं ते मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा आणि पुढे ग्रॅम मांडा. आठवडाभर हे केलंत, तर डबा लागतो की नाही, याचं उत्तर दादाला विचारायची गरज उरणार नाही. आणि स्टुडंट कौन्सिलच्या पुढच्या मीटिंगमध्ये एक मागणी लावून धरा : कॉलेजच्या कँटीनमध्ये समोसा-वड्याच्या शेजारी उकडलेली अंडी आणि मटकीची उसळ रोज, परवडणाऱ्या दरात मिळाली पाहिजे. फेस्टच्या स्पॉन्सरसाठी आपण जेवढं भांडतो, त्याच्या निम्मं या ताटासाठी भांडलो, तरी कित्येकांना डब्याची गरजच पडणार नाही.