पिंजऱ्यातलं झाड शोभेचं नव्हे



आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं-नातवंडं परदेशात आहेत. तिकडे कुत्र्या-मांजरांसारखे सरडेही पाळतात. अमेरिकेतल्या माझ्या नातवाकडे व्हेल्ड शॅमेलिऑन आहे. मूळ येमेन आणि सौदी अरेबियाकडचा, रंग बदलणारा सरडा.

माझं मत स्पष्ट आहे. असा जीव हौसेने घरी आणूच नये. तो जिवंत किडे खातो, म्हणजे एकाला पोसायला अनेकांचा घात. आपल्याकडचा शॅमेलिऑन तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्याला पकडून पाळता येत नाही. पण जो आधीच घरात आलाय, त्याला बाहेर सोडून देणं ही दया नव्हे. थंड प्रदेशात तो मरेल. फ्लोरिडासारख्या उबदार ठिकाणी तर असे सुटलेले सरडे रानात वाढून बसलेत. तेव्हा त्याला नीट सांभाळणं हाच आता धर्म. आणि त्याची सुरुवात झाड आणि मातीपासून होते.

का, ते सांगते. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. व्हेल्ड जातीचा तर पानंही कुरतडून खातो. म्हणजे पान हेच त्याचं ताट आणि तोच पेला. आपण ताट न विसळता कुणाला वाढतो का?

म्हणून झाड दिसायला छान की नाही, हा प्रश्नच नंतरचा. जास्वंद उत्तम. मनीप्लांट आणि छत्रीसारख्या पानांचा शेफलेराही तिथले जाणकार वापरतात. (मनीप्लांट कुत्र्या-मांजरांना मात्र बाधतो, ती घरात असतील तर लक्षात ठेवा.) कण्हेर, धोत्रा, रुई, घाणेरी, डिफेनबेकिया यांना त्या पिंजऱ्यात जागा नाही. "मग प्लास्टिकची वेल लावू, कटकट नको," असं कुणी म्हणेल. पण तो तीही चावतो, आणि प्लास्टिक पोटात जातं.

नर्सरीतून आणलेलं झाड लगेच आत ठेवू नये. त्यावर बहुधा औषध मारलेलं असतं. काही औषधं मुळांतून आत शिरतात, ती धुऊन जात नाहीत. म्हणून पानं दोन्ही बाजूंनी धुवावीत, जुनी माती काढून झाड साध्या मातीत लावावं आणि काही आठवडे बाहेरच ठेवून नवी पानं फुटू द्यावीत. नव्या मातीत रंगीत खताचे दाणे किंवा पर्लाइटचे पांढरे दाणे नकोत. किडा टिपताना ते जिभेला चिकटून पोटात जातात. कुंडीच्या तोंडावर त्याच्या तोंडात मावणार नाहीत असे मोठे गुळगुळीत गोटे पसरावेत. पिंजऱ्याच्या तळाला काही न घालणं सर्वांत बरं, रोज पुसता येतं.

मादी असेल तर मात्र माती लागतेच. नर नसला तरी ती अंडी घालते, आणि त्यासाठी तिला खोल खणावं लागतं. धुतलेली वाळू आणि साधी माती कालवून, खणलेलं बीळ ढासळणार नाही इतपत ओलसर ठेवून, निदान फूटभर खोल टबात भरून द्यावी. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि तिचा जीवही जाऊ शकतो. फूटभर मातीअभावी एक पंचेंद्रिय जीव जावा, हे आपल्याला कसं चालेल?

मी कॉमर्सची, हिशेब घातल्याशिवाय मला राहवत नाही. या सगळ्याला लागतं काय? एक जास्वंद, दोन कुंड्या, एक टब आणि थोडा धीर. सरडा नातवाचा असला तरी फोनवर "तुझ्या सरड्याच्या कुंडीत काय घातलंयस?" एवढं आजीने विचारायला काय हरकत आहे? यत्नाचार आपण मुलांना असाच शिकवतो, व्याख्यानाने नाही.