आणि बाबा, तुम्ही?



या वेळचं संपादकीय मंडळाच्या कार्यक्रमांविषयी नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांत जे चाललंय आणि हॉलमधल्या गप्पांत जे कधी निघत नाही, त्याविषयी आहे. आई-वडील कोल्हापुरात. दोघांपैकी एकाला कॅन्सर, केमो सुरू. दुसरा जोडीदार सत्तरीला टेकलेला, आणि सगळं त्याच्याच अंगावर. मुलगा इथे अमेरिकेत, रॅलेत, मुलगी सिडनीत. रविवारी सकाळी आपण व्हिडिओ कॉल लावतो. आई कशी आहे? काउंट किती आला? डॉक्टर काय म्हणाले? सगळी उत्तरं बाबा देतात, रिपोर्ट कॅमेऱ्यापुढे धरून आकडे वाचून दाखवतात. त्यांच्याबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. विचारलंच तर "मला काय हुतंय, बरा हाय की," म्हणून ते फोन आईकडे देतात, आणि आपणही ते खरं मानून चालतो.

केमो म्हटलं की हाताला सलाईन आणि शेजारी नर्स, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. दवाखान्यातले ते तास खरं तर त्यातल्या त्यात निर्धास्त असतात, काही झालं तर हाक मारायला माणूस असतो. खरी ड्यूटी घरी आल्यावर सुरू होते. बऱ्याच औषधांची सायकल 21 दिवसांची असते आणि त्यातला प्रत्येक आठवडा निराळा. पहिले तीन-चार दिवस मळमळ. फोडणीचा वास सहन होत नाही, तोंडाला धातूची चव येते. ज्या घरात कांदा-लसूण चटणीशिवाय पान वाढलं जात नाही, तिथे मऊ भात, ताक आणि साखर घातलेली पेज. तोंड आलं असेल तर तेही घोट घोट. डॉक्सोरुबिसिन दिलं असेल तर लघवी लाल होते. आधी कुणी सांगितलं नसेल तर रक्तच जातंय असं वाटून रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. पहिले दोन दिवस संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं, उलटी साफ करताना हातमोजे घालायचे. ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर फ्रीजमधल्या बाटलीला हात लावला तरी बोटांत झिणझिण्या येतात, म्हणून फ्रीज उघडायचं कामही दुसऱ्याचं.

दुसरा आठवडा वरवर शांत दिसतो आणि तोच सगळ्यात धोक्याचा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. 100.4 फॅरनहाइट ताप दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करून दवाखाना गाठायचा. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. हे सगळं बाबांना पाठ असतं. उशाशी थर्मामीटर, खिशात गाडीची किल्ली, आणि झोप अशी की कूस बदलली तरी जाग यावी. तिसऱ्या आठवड्यात आईला जरा तरतरी येते, ती हसून बोलते, आपणही कॉलवर खूश होतो. आणि मग पुढच्या डोसची तारीख येते.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती त्या गावाच्या चांगुलपणातूनच आली आहे. कुणी आजारी पडलं की गल्ली लोटते. शहाळी, मोसंबी, अंबाबाईचा अंगारा घेऊन माणसं येतात आणि पलंगाच्या कडेला बसतात. पांढऱ्या पेशींचा काउंट खाली असताना संसर्गाच्या भीतीनं नेमकं तेच नको असतं. तेव्हा दारात उभं राहून, ज्यांच्याबरोबर तालमीत आयुष्य गेलं त्या माणसांना "आत नको, इथनंच बोलूया" म्हणायचं, हेही जोडीदाराच्याच वाट्याला. ज्या गावात पाहुण्याला चहाशिवाय दारातून परत पाठवणं म्हणजे अपमान, तिथे हे करणं फार जड जातं. हा एक वाईटपणा आपण इथून घेऊ शकतो. चुलत्यांना, मामांना, बाबांच्या मित्रांना आपणच फोन करायचा आणि सांगायचं, की डॉक्टरांनी मनाई केली आहे, कृपा करून दोन आठवडे येऊ नका.

येणारा प्रत्येक जण सल्लाही घेऊन येतो. "सदाफुलीची पानं चावून खायला द्या, त्याचंच तर औषध करतात." हे खोडून काढणं अवघड, कारण त्यात अर्धं खरं आहे. व्हिंक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन सदाफुलीतूनच मिळाली. पण व्हिंक्रिस्टिन इतकं जहाल, की मोठ्या माणसालाही एका वेळी बहुधा 2 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. पानांच्या रसात काय किती उतरलं, ते कोण मोजणार? तसंच सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे. त्याच्या लाकडाची चोरटी तोड झाल्याच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गकडून येत असतात, कारण त्यात कॅम्प्टोथेसिन असतं आणि त्यापासून इरिनोटिकॅन, टोपोटिकॅन ही केमोची औषधं तयार होतात. कॅम्प्टोथेसिन 1966 साली एका चिनी झाडातून पहिल्यांदा वेगळं केलं ते मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या गटानं. वाणींचा जन्म नंदुरबारचा, आणि काम आपल्या इथलं, रिसर्च ट्रँगलमधलं. आपल्यातले कित्येक जण रोज त्या भागातून ऑफिसला जातात. स्तनाच्या कॅन्सरला देतात ते पॅक्लिटॅक्सेलही याच दोघांनी यू झाडाच्या सालीतून शोधलं. त्याची रचना 1971 साली प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत औषध म्हणून परवानगी मिळाली 1992 साली. रचना कळल्यापासून सलाईनच्या बाटलीपर्यंत यायला एकवीस वर्षं लागली. हे बाबांना एकदा नीट समजावून सांगा. पुढच्या वेळी कुणी काढ्याचा आग्रह धरला तर त्यांच्या हाताशी उत्तर असेल. आणि आपण स्वतः व्हॉट्सॲपवरचे उपाय त्यांना पाठवणं बंद करूया. मध्यरात्री जागा असलेला माणूस ते सगळे वाचतो आणि सकाळी त्याला वाटतं, आपलंच काहीतरी करायचं राहून गेलं.

आता जरा अवघड बोलतो. नवरा आजारी पडला की बायको सेवा करणार, हे आपण गृहीत धरतो. त्या सेवेची कुणी बातमी करत नाही. बायको आजारी पडली की घर पांगळं होतं. डबा कोण करणार, गॅसचं पुस्तक कुठे आहे, कपड्यांना साबण किती, इथून सुरुवात. अमेरिकेत 2009 साली मेंदूतली गाठ, इतर कॅन्सर आणि मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या 515 विवाहित रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुष आजारी होता तिथे 2.9 टक्के जोडपी वेगळी झाली. बाई आजारी होती तिथे 20.8 टक्के. आपल्याकडे घटस्फोट होत नाहीत म्हणून समाधान मानू नये. आपल्याकडे बाईला उपचारासाठी म्हणून माहेरी पाठवतात, किंवा केमोच्या पाचव्या दिवशी ती ओट्याशी उभी राहून भाकरी थापत असते आणि घरचे म्हणतात, हिची हिंमत मोठी.

याच्या उलट उदाहरण मराठी वाचकांना माहीत आहे. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट कर्करोगाशी झगडत राहिल्या आणि 1997 साली गेल्या. नोकरी त्या करत, आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी घर आणि मुलींचं करणं आजाराच्या कितीतरी आधीपासून अंगावर घेतलं होतं. बायकोच्या दुखण्यात स्वयंपाकघराची ओळख करून घ्यायची वेळ त्यांच्यावर आली नाही. त्याच मुक्तांगणात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. व्यसन नवऱ्याला, पण झिजते बायकोही, आणि तिलाही बोलायला जागा हवी, हे तिथे ओळखलं गेलं. केमो घेणाऱ्यांच्या जोडीदारांसाठी अशी जागा कोल्हापुरात, सांगलीत, इथेही हवी आहे.

उपचार कुठे घ्यायचे यावर आपण लांबून वाद घालत बसतो. गोकुळ शिरगावला कॅन्सर सेंटर आहे, मिरजेला सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि गरज पडली तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठून परळचं टाटा आहे. 1941 साली ते सुरू झालं ते सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई दहा वर्षं आधी रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या होत्या. रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीत कॅन्सरच्या रुग्णाचं भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. दवाखान्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि त्यात केमोही येतो. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी भेटायचं. फॉर्म भरणं, कागद स्कॅन करणं, विमा कंपनीच्या मागे लागणं, हे सगळं इथे बसून होतं. रात्री तिथली ऑफिसं उघडतात तेव्हा आपण मोकळे असतो.

पावसाळ्यातला डोस असेल तर एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. नदीच्या पलीकडे राहणाऱ्यांनी पुराच्या दिवसांत डोस कुठे घ्यायचा, हे डॉक्टरांना जूनमध्येच विचारून घ्यावं.

इथून कोल्हापूरला जायचं असेल तर पहिल्या डोसला सगळ्यांनी मिळून जाऊ नका. तेव्हा नातेवाईक असतातच, हुरूपही असतो. चौथ्या-पाचव्या सायकलला जा, तेव्हा घर रिकामं असतं आणि बाबा दमलेले असतात. गेल्यावर आईच्या उशाशी तुम्ही बसा आणि बाबांना संध्याकाळी रंकाळ्यावर पाठवा. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत का ते डबी उघडून बघा. त्यांच्या शब्दावर जाऊ नका. पैसे पाठवणारच असाल तर स्वयंपाकाच्या मावशी आणि रात्रीची बाई यांच्यासाठी पाठवा, आणि त्यांना कामावर ठेवायचा निर्णय तुम्हीच घ्या. बाबांना विचारलंत तर ते नकोच म्हणतील.

मंडळातर्फे आपण एक यादी करतो आहोत. कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज, सांगली, मिरज इथे ज्यांचं घर आहे आणि तिथला एखादा भाऊ, वहिनी, वर्गमित्र दवाखान्यापर्यंत गाडी नेऊ शकतो किंवा दोन तास घरी बसू शकतो, त्यांनी गाव आणि सोयीचा वार कार्यवाहांना कळवावा. नावं कुठेही छापली जाणार नाहीत. गोकुळ शिरगावच्या बाजूला सकाळी लवकर जाऊ शकणारी माणसं जास्त हवी आहेत. आधी रक्ताचा रिपोर्ट यावा लागतो, डोसचा नंबर त्यानंतर लागतो, आणि घरी परतेपर्यंत बहुतेक वेळा संध्याकाळ होते.