खडेमीठ, बाजरी आणि गळ्यांतील ग्रंथि

शेतकऱ्यानें होतां होईल तों घरचें अन्न खावें, दुकानच्या पुडीवर अवलंबून राहूं नये, हें मत आम्ही नेहमीं मांडीत आलों आहों व त्यांत बदल करण्याचें कारण आजही दिसत नाहीं. घरची ज्वारी-बाजरी, घरची डाळ, दावणीच्या गाईचें दूध यांची सर बाजारच्या मालास येत नाहीं. परंतु या नियमास एक अपवाद आहे आणि तो आमच्या शेतकरी बंधूंच्या नीटसा ध्यानांत आलेला दिसत नाहीं. तो अपवाद मिठाचा.

अलीकडे बऱ्याच सुखवस्तु घरांतून असें ऐकूं येतें कीं, पिशवींतील बारीक मीठ कारखान्याचें म्हणून त्याज्य. खडेमीठ किंवा सैंधव तेवढें नैसर्गिक व म्हणून आरोग्यदायक. थायरॉइडच्या विकारांचें खापरही हे लोक आयोडीनयुक्त मिठावरच फोडतात. असें बोलणारे बहुधा चांगले शिकलेले असतात. या मताचा आम्हांस स्पष्ट विरोध करावयाचा आहे. कारण त्याचा भुर्दंड बोलणारास पडत नाहीं, घरांतील गरोदर सुनेच्या पोटांतील जिवास पडतो.

थायरॉइड अथवा अवटु ही ग्रंथि गळ्याच्या पुढील अंगास, कंठमण्याच्या खालीं असते. शरीराची ऊब, नाडीची गति, मुलांची वाढ आणि गर्भाच्या मेंदूची घडण हीं कामें तिच्या स्रावावर चालतात, आणि तो स्राव आयोडीनावांचून तयार होत नाहीं. प्रौढ माणसास दिवसास १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें. गरोदर स्त्रीस सुमारें २५० लागतें. हिशेब केला तर सत्तर वर्षांच्या उभ्या जन्मांत एका माणसास चार ग्रॅमही लागत नाहीं. पण तें एकदांच खाऊन भागत नाहीं, नेमानें पोटांत जावें लागतें. तें कमी पडलें म्हणजे ग्रंथि मिळेल तेवढें ओढून घेण्याकरितां फुगूं लागते. हाच गलगंड. गळ्याची सूज निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारें नुकसान त्याहून मोठें. गर्भपात, मृत मूल जन्मणें, मूल मंदबुद्धि किंवा मुकें-बहिरें निपजणें, हे सर्व या उणिवेचेच प्रकार होत. गर्भावस्थेंत मेंदूची जी घडण राहून गेली ती मागाहून कितीही दूधतूप घालून भरून येत नाहीं.

आतां हें आयोडीन येतें कोठून? जमिनींतून. पाऊस व पूर यांनी तें शतकानुशतकें धुपून समुद्राकडे जातें. म्हणून डोंगरउताराच्या आणि वारंवार पुराखालीं येणाऱ्या जमिनींत त्याची वाण असते. जस्ताची किंवा लोहाची उणीव असली तर पान पिवळें पडून पीक आपणांस खूण देतें. आयोडीनाची गोष्ट तशी नाहीं. पिकाला त्याची गरज नसल्यानें उणीव असलेल्या रानांतही कणीस टपोरें भरतें, शेतकरी समाधानानें तेंच धान्य घरीं आणतो आणि त्याच रानचा चारा गाईस घालून तिचें दूध पितो. शहरांतल्या माणसाच्या ताटांत दहा मुलुखांचें अन्न येतें, त्यामुळें एका जमिनीची उणीव दुसरीकडून कांहीं अंशीं भरून निघते. एकाच शिवारावर पोसणारें कुटुंब या बाबतींत अधिक उघड्यावर असतें. स्वावलंबनाचा अभिमान आम्हांसही आहे, पण ही गोष्ट त्या अभिमानाआड दडवितां येत नाहीं.

समुद्रांत आयोडीन असतें, तेव्हां आगरांतल्या मिठांत तें असणारच, असा एक समज आहे. मासळींत तें असतें हें खरें. मिठांत मात्र नांवापुरतेंच उरतें. सैंधवाचीही तीच गत. म्हणून मिठांत पोटॅशियम आयोडेट मुद्दाम मिसळावें लागतें.

या उपायाचा पुरावा परदेशांतूनच आणावयास पाहिजे असें नाहीं. हिमाचलांतील कांगडा खोऱ्यांत १९५६ सालीं डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन विभाग करून दोहोंत आयोडीनयुक्त मीठ पुरविलें, तिसऱ्यांत साधें. कांहीं वर्षांतच पहिल्या दोन विभागांत गलगंड झपाट्यानें उतरला, तिसऱ्यांत मात्र होता तसाच राहिला. पुढें तेथेंही आयोडीनयुक्त मीठ देतांच तो उतरूं लागला. शेजारच्या पट्ट्यास खत न घालतां तुलना पाहण्याची जी आपली रीत, तीच ही. याच्या आधारें १९६२ सालीं राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. गलगंड केवळ हिमालयाच्या पायथ्याचा रोग नव्हे, महाराष्ट्र व गुजरातेंतही त्याचे प्रदेश आहेत, हें पुढील पाहण्यांत आढळलें.

कायद्याचा इतिहास मात्र धरसोडीचा आहे. खाण्यासाठीं साधें मीठ विकण्यावरील देशव्यापी बंदी २००० सालीं उठविली, २००५ सालीं पुन्हां जाहीर केली व २००६ पासून लागू केली. २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो नियम जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरविला. त्याच वर्षीं अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांत ती बंदी आली. या बंदीनें लहान आगरवाल्यांची अडचण होते हा आक्षेप आम्ही खोटा म्हणत नाहीं. पण त्यावरचा इलाज आगरावर मिसळणीचें यंत्र पुरविणें हा आहे; लोकांना साधें मीठ चारणें हा नव्हे.

आतां बाजरीविषयीं. २०२३ हें भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष साजरें झाल्यापासून बाजरीस पुन्हां मान मिळूं लागला, याचा आम्हांस आनंदच आहे. सुदानच्या दारफुर प्रांतांत बाजरी हेंच मुख्य अन्न असून गलगंडाचा उपद्रवही फार. तेथील बाजरी तपासतां तिच्यांतील कांहीं द्रव्यें ग्रंथीच्या कामांत अडथळा आणतात असें आढळलें. एवढें ऐकून कोणी भाकरी सोडावयास निघेल तर तो वेडेपणा होईल. हीं द्रव्यें जाचतात तीं मुख्यतः आयोडीन अपुरें असतें तेथें. तात्पर्य इतकेंच कीं, बाजरी खाणाऱ्या घरास आयोडीनयुक्त मिठाची गरज अधिक आहे. कोबी, फुलकोबी, मोहरी या कुळांतील भाज्यांतही असा दोष आहे, पण शिजविल्यानें तो बराच कमी होतो. आपल्याकडे त्या कच्च्या खातो कोण? सोयाबीनचें पीठ पोळींत घालण्याची चाल पडत आहे, तेंही बेतानें असल्यास भय नाहीं. मात्र थायरॉइडची गोळी चालू असलेल्या माणसानें ती उपाशीपोटीं घ्यावी. सोयाबीनचे पदार्थ आणि लोहाच्या वा चुन्याच्या गोळ्या यांपासून तिला कांहीं तासांचें अंतर ठेवावें, नाहींतर ती अंगीं लागत नाहीं.

एक गोष्ट मात्र विरोधकांची खरी आहे. आज दवाखान्यांत दिसणारे थायरॉइडचे सगळेच विकार आयोडीनाच्या उणिवेचे नसतात; पुष्कळांत शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच ग्रंथीवर उलटलेली असते. ते विकार मिठानें बरे होत नाहींत, आणि आयोडीनाचे अर्क किंवा सागरी शेवाळाच्या गोळ्या आपल्या मनानें घेतल्यास उलट अपायच होतो. मीठ वाढवा असेंही आमचें म्हणणें नाहीं. रक्तदाबाच्या दृष्टीनें दिवसास पांच ग्रॅम पुरे, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. जें खावयाचें तें आयोडीनयुक्त असावें आणि आयोडीन त्यांत टिकलेलें असावें, एवढेंच मागणें.

टिकण्याचा प्रश्न लहान नाहीं. कारखान्यांतून निघतांना दहा लाख भागांस ३० भाग व गिऱ्हाइकाच्या हातीं निदान १५ भाग आयोडीन राहावें असा दंडक आहे. ओलीनें व उन्हानें तें घटतें. चुलीजवळचें उघडें मडकें हें मिठाचें ठिकाण नव्हे. झाकणाची कोरडी बरणी वापरावी व वर्षाची बेगमी एकदम करूं नये. कित्येक वाड्यांतून जनावरांसाठीं आणलेल्या पोत्यांतलेंच मीठ स्वयंपाकघरांत जातें. हें आधीं बंद व्हावें. खरें पाहतां जनावरांसही आयोडीन लागतेंच. उणीव असलेल्या मुलुखांत करडें-कोकरें सुजलेल्या गळ्याचीं, विरळ केसांचीं, कधीं मेलेलींच जन्मतात, आणि शेळीला हा त्रास फार लौकर बाधतो. आयोडीन असलेलें खनिज मिश्रण आंबोणांत घालणें हा त्यावर सोपा इलाज आहे.

गांवोगांवच्या सहकारी संस्थांनीं आपल्या दुकानांतील मिठाचा साठा मधूनमधून तपासावा, अशी आमची सूचना आहे. तपासणीचा छोटा संच मिळतो. द्रावाचा एक थेंब मिठावर टाकला कीं आयोडीन असल्यास जांभळा-निळा रंग उमटतो. गलगंडाच्या जिल्ह्यांत आशा सेविकांमार्फत अशी तपासणी करण्याची योजना सरकारी कार्यक्रमांतच आहे. येत्या बैठकीपूर्वीं निदान आपल्या घरची बरणी एकवार त्यांच्यापुढें ठेवावी.