भुताचा माग काढावाच

रुडयार्ड किपलिंगच्या मोगलीच्या गोष्टींतला एक प्रसंग गोंदिया जिल्ह्यातल्या माणसांनी मुद्दाम आठवावा असा आहे. ‘द जंगल बुक’ १८९४ साली प्रसिद्ध झाले. त्यातले रान सिवनीचे, म्हणजे गोंदियाहून बालाघाट ओलांडले की लागणारे. पारावर बसलेला म्हातारा शिकारी बलदेव सांगत असतो, की गावातले मूल उचलून नेणारा वाघ साधासुधा नव्हे, मेलेल्या सावकाराचे भूत त्याच्या अंगात शिरले आहे. पुरावा काय? सावकार लंगडत असे, आणि या वाघाचे पंजेही सारखे उमटत नाहीत. सगळे माना डोलावतात. एक पोर मात्र तिथल्या तिथे म्हणते, की तो वाघ जन्माचाच लंगडा आहे. पुढे हाच पोरगा आपल्या लांडगे-सोबत्यांना घेऊन म्हशींच्या कळपाखाली त्या वाघाचा निकाल लावतो.

धीट पोर, सोबतीला कुत्र्याच्या जातकुळीतले जनावर आणि समोर भुताचा प्राणी. या साच्यावर पुढे कितीतरी मुले वाढली. १९४२ पासून एनिड ब्लायटनची पाच जणांची टोळी टिमी कुत्र्याला घेऊन हिंडू लागली. १९६९ मध्ये अमेरिकी दूरदर्शनवर स्कूबी-डू हा कार्टून कुत्रा आला. मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे गूढ दिसेल तिथे धावत गेला. या गोष्टींमागची श्रद्धा एकच आहे. भुताला भिऊन पळू नये, त्याचा माग काढावा.

यावर जाणती माणसे तीन आक्षेप घेतात. हा पोरखेळ आहे, हा पहिला. खरे रान म्हणजे गोष्टीतले रान नव्हे, तिथे पोरांचा जीव जाईल, हा दुसरा. तिसरा सर्वांत वजनदार: भुताची भीती हेच रानाचे कुंपण आहे, ते मोडले तर रान उरणार नाही.

पहिला आक्षेप खोडायला महाराष्ट्रातलेच उदाहरण पुरेसे आहे. वनपिंगळा हे छोटे घुबड पक्षिअभ्यासक ह्यूमने १८७३ मध्ये जगापुढे मांडले. खानदेशात जेम्स डेव्हिडसनने त्याचे काही नमुने गोळा केले आणि १८८४ नंतर पक्षी जणू हवेत विरला. मधल्या काळात एकच पुरावा होता, रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन या नामांकित इंग्रज पक्षिसंग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचे सांगितलेला नमुना. शोधणारे रिकाम्या हाताने परतत राहिले. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने ते कातडे कसे सोलले, कसे भरले हे बारकाईने तपासले आणि चोरी उघडी पडली. तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता, ब्रिटिश संग्रहालयातून लांबवून नवी चिठ्ठी लावलेला. खोटा धागा तुटल्यावर ती आणि तिचे साथीदार डेव्हिडसनच्या मूळ जागांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, भर सकाळी, उघड्या फांदीवर बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षे ‘मेलेला’ पक्षी जिवंत होता, आणि त्याचे भूत करणारा एक प्रतिष्ठित माणूस होता. पोरांच्या गोष्टीत शेवटी मुखवटा उतरतो, तसाच इथेही उतरला. याला पोरखेळ म्हणायचे असेल, तर विज्ञानाचा बराचसा भाग पोरखेळच ठरेल.

दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मान्य करायलाच हवा. नवेगाव-नागझिरा हे २०१३ पासून व्याघ्र राखीव क्षेत्र आहे. तिथे वाघ, बिबट, अस्वल आणि रानकुत्र्यांचे कळप आहेत. बॅटरी घेऊन रात्री तिथे शिरणे हा वेडेपणा होईल. कुत्रा मोकळा सोडणे त्याहून वाईट, कारण गावकुत्रे म्हणजे बिबट्याचे आवडते भक्ष्य आणि रोगांचे वाहनही. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपरची साथ पसरली आणि सिंह मेले. हा रोग कुत्र्यांत सर्रास आढळतो. नागझिऱ्याच्या रानकुत्र्यांनाही त्याची बाधा होऊ शकते.

पण आक्षेप घेणारे एक विसरतात. भूत रात्री येते, पुरावा मात्र सकाळी सापडतो. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरच्या ओल्या चिखलात पंजा उमटलेला असतो. वाघ-बिबट्याची नखे सहसा उमटत नाहीत, कुत्र्याची आणि तरसाची उमटतात. तरसाचे पुढचे पाय मोठे आणि मागचे लहान, म्हणून त्याची चाल लंगडी वाटते. बलदेवच्या सावकाराचे निम्मे रहस्य असल्या चिखलातच उलगडते. दिवसाउजेडी, मोठ्या माणसाबरोबर, गावाच्या कडेने एवढे पाहता येते. कुत्राही साखळीला बांधून कामाचा ठरतो. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणारी ट्रॅफिक ही संस्था आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांनी २००८ पासून वनखात्यांसाठी प्रशिक्षित श्वान तयार केले आहेत. ते वाघाची हाडे आणि कातडी हुंगून काढतात. त्यांना लागतो फक्त वास, आणि वासाला भूत माहीत नसते.

उलट, माग न काढण्यातच जिवाचा धोका आहे. मोह पडू लागला की बाया पहाटेच्या अंधारात फुले वेचायला निघतात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येते. झुडपातली काळी आकृती भुताची मानली, तर त्यावर तोडगा मांत्रिकाकडे. ती अस्वलाची असे ओळखले, तर तोडगा आपल्याच हातात: एकटे जाऊ नये, उजाडू द्यावे, बोलत-आवाज करत जावे.

तिसऱ्या आक्षेपात एक सुंदर भ्रम आहे. भीतीने रान राखले असते, तर घुबडे सुरक्षित असती. ट्रॅफिकच्या २०१० मधल्या अहवालानुसार भारतातल्या ३० घुबड-जातींपैकी १५ जाती अवैध व्यापारात आढळल्या, आणि त्यामागचे एक मोठे कारण जादूटोणा, विशेषतः दिवाळीच्या आसपासचा. ज्या प्राण्यात भूत पाहिले, त्याचेच नख, पीस आणि कवटी तोडग्याला हवी झाली. मांडूळ आणि खवल्या मांजराच्या पाठीही असल्याच समजुती लागल्या आहेत. भीती प्राण्यापुरती थांबतही नाही. जनावर करणीचे ठरले, की करणी करणारा माणूस शोधला जातो. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो याच अनुभवातून.

रानाचे कुंपण याच जिल्ह्यात आहे, पण ते भीतीचे नाही, आदराचे आहे. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला दूरदूरचे गोंड बांधव जमतात. त्यांच्या परंपरेत कुळाकुळाने प्राणी, पक्षी आणि झाड जपायचे असते. आपल्या कुळाचा प्राणी ओळखता आला पाहिजे, त्याचे घर आणि चाल माहीत असली पाहिजे. वाघदेवाला नारळ ठेवणारा माणूस वाघाचा रस्ता जाणतो, म्हणून तो त्या रस्त्यात आडवा जात नाही. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधला वनाधिकारी असताना रान शिकले ते पुस्तकांइतकेच गावच्या माणसांकडून, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणकारांकडून. जिज्ञासेने श्रद्धा मोडते असे म्हणणाऱ्यांनी ही माणसे पाहावीत.

म्हणून गोंदियाच्या शाळांनी भुताच्या गोष्टी बंद करू नयेत, त्यांचा तपास सुरू करावा. आरंभ सोपा आहे. तणसाच्या ढिगामागे, जुन्या देवळात, राइस मिलच्या माळ्यावर रात्री पांढरे काहीतरी आवाज न करता तरंगते आणि मग घसा फाडून किंचाळते. ते बहुधा गव्हाणी घुबड असते. त्याच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असतात, त्यामुळे हवा कापली जाण्याचा आवाज होत नाही. त्याच्या बसण्याच्या जागेखाली काळपट, बोटभर लांब गोळ्या पडलेल्या असतात. न पचलेले हाड-केस घुबड असे उलटून टाकते.

अशी एक वाळलेली गोळी वर्गात वर्तमानपत्रावर ठेवून, हातात मोजे घालून, दोन काड्यांनी उकलावी. आधी करडे केस सुटतात, मग सुईसारख्या बरगड्या, मग पिवळ्या दातांची उंदराची कवटी, कधी एकाच गोळीत दोन-तीन. धानाच्या बांध्यांत आणि पुंजण्यांत शिरणारे हेच ते उंदीर. कवट्या मोजाव्यात, एक वहीत चिकटवावी, खाली जागा आणि तारीख लिहावी, आणि शेजारच्या रकान्यात त्या रात्री गल्लीतल्या आजीला काय ऐकू आले होते तेही, तिच्याच शब्दांत.