विश्लेषण : ‘एपी केमिस्ट्री’ची जुन्या पद्धतीची तयारी का फसते?

अमेरिकेत दर मे महिन्यात होणाऱ्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ अर्थात एपी परीक्षांत रसायनशास्त्राचा पेपर अवघड समजला जातो. २०१४ मध्ये या पेपरची फेररचना झाली. त्याला दशक उलटून गेले, तरी अनेक घरांत तयारी मात्र जुन्याच पेपरची चालते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी घरेही त्याला अपवाद नाहीत.

एपी परीक्षा म्हणजे काय?

शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकायचा आणि त्याची परीक्षा द्यायची, अशी ही योजना. ‘सॅट’ घेणारे कॉलेज बोर्डच ती चालवते. निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. ४ किंवा ५ मिळाल्यास अनेक विद्यापीठे पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राचे श्रेयांक देतात, म्हणजे तेवढे शुल्कही वाचते. प्रत्येक विद्यापीठाचा नियम मात्र वेगळा.

बदल कशासाठी झाला?

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००२ मध्ये एक अहवाल दिला. एपीचे विज्ञान विषय पसरट आहेत, खोलात जात नाहीत, असा त्याचा रोख होता. पुढे जीवशास्त्र, मग २०१३-१४ च्या शैक्षणिक वर्षात रसायनशास्त्र आणि नंतर भौतिकशास्त्र असे एकेक विषय बदलले गेले. २०१९-२० पासून रसायनशास्त्राची मांडणी नऊ घटकांत करण्यात आली, पण परीक्षेचा स्वभाव २०१४ चाच राहिला.

काय गाळले, यातून तो स्वभाव कळतो. इलेक्ट्रॉनला पुंज अंक देणे, द्रावणांच्या कणसंख्येवर अवलंबून असलेल्या गुणधर्मांची गणिते, किरणोत्साराची समीकरणे हे सारे गेले. कोणता क्षार विरघळतो याची लांबलचक यादीही गेली. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम आणि नायट्रेट यांचे क्षार विरघळतात, एवढे लक्षात ठेवले की पुरते. अभिक्रिया देऊन ‘काय तयार होईल ते लिहा’ असा जुन्या पेपरातला हमखास प्रश्नही राहिला नाही. ज्याचे पाठांतर चांगले, त्याचे भांडवलच काढून घेतले गेले.

मग विचारतात तरी काय?

एक नेहमीचे उदाहरण पाहू. खोलीच्या तापमानाला फ्लोरिन वायू असतो, आयोडिन स्थायू. का? ‘आयोडिनचे वस्तुमान जास्त म्हणून’ या उत्तराला गुण नाही. आयोडिनच्या रेणूत इलेक्ट्रॉन जास्त, त्यांचा ढग मोठा आणि सहज विचलित होणारा. त्यामुळे रेणूरेणूंमधले आकर्षण अधिक आणि ते तोडायला ऊर्जा जास्त लागते. ही साखळी लिहावी लागते. उकळताना रेणूच्या आतला बंध तुटतो असे लिहिले, की गुण गेलाच. आवर्तसारणीतही तेच. ‘डावीकडून उजवीकडे अणूची त्रिज्या कमी होते’ हे कारण नव्हे, ते निरीक्षण. केंद्रकाचा प्रभार वाढतो, पण इलेक्ट्रॉन त्याच कवचात भरत जातात आणि आत ओढले जातात. गुण आहे तो या वाक्याला.

दुसरा प्रकार आलेखांचा. फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी हा भाग फेररचनेत नव्याने आला. आलेखावर चार शिखरे दिसतात, त्यांच्या उंचीचे प्रमाण २, २, ६, २. मूलद्रव्य ओळखा. बारा इलेक्ट्रॉन, म्हणजे मॅग्नेशियम. इलेक्ट्रॉन विन्यास तोंडपाठ असलेला विद्यार्थीही इथे अडखळतो, कारण विन्यास म्हणजे कशाचे तरी मोजमाप आहे हे त्याला कधी कुणी दाखवलेले नसते.

तिसरा प्रकार चित्रांचा. दुर्बल आम्ल पाण्यात टाकले, तर रेणू आणि आयन कसे दिसतील ते काढा. बहुतेक रेणू अखंड आणि एखाददुसराच फुटलेला, असे चित्र अपेक्षित असते. व्याख्या अचूक सांगणारी मुलेही सगळे रेणू फोडून मोकळी होतात.

मराठी पालकांची अडचण कोणती?

आई-वडील बहुधा महाराष्ट्रात बारावी विज्ञान केलेले, अनेकदा अभियंते. मुलगी एपी केमिस्ट्री घेते म्हटल्यावर भारतातून जेईईची जाडजूड पुस्तके मागवली जातात. ती पुस्तके वाईट नाहीत, पण त्यांतला सेंद्रिय रसायनाचा मोठा भाग या परीक्षेत जवळपास नाहीच. शिवाय जेईईत उत्तर बरोबर आले की काम झाले. इथे ते का बरोबर, हे वाक्यांत लिहावे लागते.

खरे तर ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. राज्य मंडळाच्या पेपरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण त्या कारणांचीही गाईडमधली तयार उत्तरे पाठ केली जात आणि प्रश्न शब्दही न बदलता येत असल्याने ते खपूनही जाई. एपीत पदार्थ बदलतो, आकडे बदलतात, कधी प्रयोगात मुद्दाम चूक ठेवलेली असते. वारा भारतातही बदलतोय म्हणा. सीबीएसईने २०२४-२५ पासून अकरावी-बारावीच्या पेपरांत क्षमताधारित प्रश्नांचे प्रमाण ५० टक्के केले.

तयारी कशी करावी?

पेपरचा आराखडा आधी पाहावा. बहुपर्यायी ६० प्रश्नांना ९० मिनिटे, लेखी सात प्रश्नांना १०५ मिनिटे, दोन्हींना निम्मे-निम्मे वजन. लेखी भागात दहा गुणांचे तीन आणि चार गुणांचे चार प्रश्न, म्हणजे गुणामागे दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत, तेव्हा काही कोरे सोडू नये. जुनी पुस्तके बहुपर्यायी भागात कॅल्क्युलेटर चालत नाही असे सांगतात. २०२३ पासून तो चालतो. २०२५ पासून प्रश्न ‘ब्लूबुक’ अ‍ॅपवर दिसतात, मात्र लेखी उत्तरे कागदावरच लिहायची.

सर्वात उपयोगी साहित्य फुकट आहे. २०१४ पासूनचे लेखी प्रश्न आणि त्यांची गुणदान पत्रिका कॉलेज बोर्ड स्वतः प्रसिद्ध करते. आठवड्याला एक प्रश्न घड्याळ लावून सोडवावा. मग पत्रिका घेऊन स्वतःचे उत्तर परक्याचे समजून तपासावे. नेमका कोणता शब्द नसल्यामुळे गुण गेला, हे त्यातून जेवढे कळते तेवढे महागड्या क्लासात कळत नाही. रसायनशास्त्र न येणाऱ्या पालकालाही एक काम करता येते : मुलाला उत्तर तोंडी समजावून सांगायला लावायचे आणि दर वाक्याला ‘का?’ विचारायचे.

मग हा बदल निर्दोष आहे का?

नाही. अभ्यासक्रमानुसार एक चतुर्थांश वेळ प्रयोगांना द्यायचा आहे. किमान १६ प्रयोग आणि त्यांपैकी सहा असे, की पद्धत विद्यार्थ्यांनीच ठरवायची. पण प्रयोगांना वेगळे गुण नाहीत. ब्युरेट न हाताळलेला विद्यार्थीही टायट्रेशनचा प्रश्न कागदावर सोडवू शकतो. क्लासवाल्यांनी तर ‘कारण द्या’ प्रश्नांचेही साचे बनवले आहेत. तुटते ते साधनांची चणचण असलेल्या शाळेत. ज्या मुलाने रंग बदलताना पाहिलेला नाही, त्याला ब्युरेट धुताना आत पाणी राहिले तर उत्तर वाढेल की घटेल, हे केवळ कल्पनेने ठरवावे लागते. आणि असा प्रश्न हमखास येतो. म्हणून विषय निवडण्याआधी शाळेच्या शिक्षकांना एवढे विचारावे, की वर्षभरात मुले स्वतःच्या हाताने किती प्रयोग करतात.