परिषदेची काशी आणि घरची काशी

पावसाळा सरला कीं विद्यापीठांच्या परिषदांचा हंगाम सुरू होतो. संस्कृत, इतिहास, गणित, वैद्यक, संगीत, ज्या ज्या विषयाचा अभ्यास आपल्या घरांत चालतो, त्या त्या विषयाचे अभ्यासक कोठें ना कोठें दोन-तीन दिवस एकत्र जमतात, निबंध वाचतात, वाद करतात आणि आपापल्या गांवीं परततात. अशी परिषद म्हैसूरला किंवा कोलकात्याला भरली, तर ती ज्याची त्याची असते. जाणारा आपली पिशवी भरून निघून जातो. परंतु यजमान काशी हिंदु विश्वविद्यालय असलें, कीं निमंत्रणपत्र एकाच्या नांवें येतें आणि प्रवासाची तयारी साऱ्या घराची सुरू होते. आजी म्हणतात, "आतां नाहीं तर केव्हां?" काकूंचें गंगास्नान राहिलेलें असतें, मुलांना नावेंत बसावयाचें असतें. आणि ज्या सुनेच्या नांवें तें पत्र आलेलें असतें, तिला मात्र आपल्या निबंधाचें शेवटचें पान अजून लिहावयाचें आहे, हें सांगावयास धीर होत नाहीं.

अशा वेळीं वडील मंडळींनीं घरीं बसावें, असें आमचें म्हणणें नाहीं. काशीची वाट पूर्वीं कित्येक आठवड्यांची होती, आणि निघणारा मनुष्य घरदाराची निरवानिरव करूनच उंबरठ्याबाहेर पाऊल टाकीत असे. आतां ती वाट एका दिवस-रात्रीची झाली आहे. तेव्हां वृद्धांची इच्छा पुरी करण्याची संधि आली असतां ती दवडूं नये, हें योग्यच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या दोन निरनिराळ्या यात्रा आहेत. त्यांचे दिवसही निरनिराळे असावे, आणि तें तिकिटें काढण्यापूर्वीं घरींच ठरावें. परिषदेचे दिवस परिषदेला द्यावे, काशीचे दिवस काशीला. दोहोंची सरमिसळ केली, तर निबंधही मनासारखा वाचला जात नाहीं आणि देवदर्शनही घाईंत उरकावें लागतें.

पहिली गोष्ट पंचांगाची. परिषदेची तारीख कळतांच ती कोणत्या तिथीला पडते हें पाहावें. त्रिपुरी पौर्णिमेस काशींत देवदीपावली असते. त्या संध्याकाळीं घाटाघाटांवर पणत्या लागतात, आणि त्या सुमारास राहावयास खोली मिळणें फार कठीण होतें. महाशिवरात्रीचेंही तसेंच. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्याकडे महिना अमावास्येस संपतो, तिकडे पौर्णिमेस. त्यामुळें शुक्ल पक्षाच्या महिन्याचें नांव दोहींकडे एकच असतें, परंतु कृष्ण पक्षाचें बदलतें. आपली माघ वद्य चतुर्दशी ती तिकडची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. पूजाविधीसाठीं तेथील गुरुजींशीं आधीं बोलणें करावयाचें असेल, तर तिथीबरोबर इंग्रजी तारीखही सांगावी, म्हणजे एका महिन्याचा घोळ होणार नाहीं.

ऋतूंचा विचारही यांतच आला. नोव्हेंबर व फेब्रुवारी हे महिने प्रवासास उत्तम. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर गंगेच्या खोऱ्यांत दाट धुकें पडतें आणि गाड्या कित्येक तास उशिरा पोहोंचतात. उद्घाटनाच्याच सकाळीं पोहोंचणाऱ्या गाडीवर त्या दिवसांत विसंबूं नये. निदान एक दिवस आधीं मुक्कामास जावें. थंडीही आपल्याकडील थंडीहून कडक असते. वृद्धांसाठीं कानटोपी, लोंकरीचे मोजे आणि जाड पांघरूण बरोबर असावें. मे-जूनमध्यें लू वाहते, आणि पावसाळ्यांत गंगा चढली कीं घाटांच्या पायऱ्या पाण्याखालीं जाऊन नावा बंद होतात. परिषद अशा दिवसांत असल्यास प्रतिनिधीनें एकट्यानें जावें आणि घरची यात्रा कार्तिकासाठीं राखून ठेवावी.

दुसरी गोष्ट गाड्यांची व स्थानकांची. मुंबईहून महानगरी एक्सप्रेस नाशिक, भुसावळ, इटारसी, जबलपूर, सतना या मार्गानें सुमारें १५०० किलोमीटर अंतर तोडून वाराणसीस जाते. प्रवासास चोवीस तासांहून अधिक वेळ लागतो. पुण्याहून ज्ञानगंगा एक्सप्रेस आहे, पण ती आठवड्यांतून एकदांच. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचें आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीं सुरू होतें. पूर्वीं ही मुदत १२० दिवसांची होती. वृद्धांसाठीं खालचीं बाकें हवीं असल्यास त्या पहिल्याच दिवशीं तिकिटें काढावीं.

काशीला जाणाऱ्यास स्थानकांचीं नांवें नीट ठाऊक असलीं पाहिजेत. मुख्य स्थानक वाराणसी जंक्शन. त्याला गांवांत सारे कँट म्हणतात. दुसरें बनारस; हेंच २०२१ पर्यंत मंडुवाडीह या नांवानें ओळखलें जात असे, आणि विद्यापीठाला तें त्यांतल्या त्यांत जवळचें. तिसरें पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे आपल्या वडिलांचें मोगलसराय. हें नांव २०१८ सालीं बदललें. तें गंगेच्या पलीकडे आहे, आणि तेथून शहरांत येण्यास पुन्हां वाहन करून पूल ओलांडावा लागतो. विमानानें जाणाऱ्यांसाठीं बाबतपूरचा विमानतळ शहरापासून सुमारें २५ किलोमीटरांवर वायव्येस आहे, आणि विद्यापीठ शहराच्या दक्षिण टोंकास. म्हणजे सबंध शहर ओलांडणें आलें. त्यासाठीं दीड तास तरी हाताशीं ठेवावा.

आतां विद्यापीठाविषयीं. पंडित मदनमोहन मालवीयांच्या अविश्रांत उद्योगानें उभें राहिलेल्या या संस्थेची कोनशिला ४ फेब्रुवारी १९१६ रोजीं बसली. आवार सुमारें १३०० एकरांचें, अर्धवर्तुळाकार आखणीचें, आणि झाडांच्या रांगांनीं भरलेलें आहे. एका विभागाकडून दुसऱ्याकडे जावयाचें तर बराच वेळ मोडतो. म्हणून "विद्यापीठांत परिषद आहे" एवढ्या माहितीवर निघूं नये. सभागृह कोणतें, तें कोणत्या विभागाजवळ, आणि उतरण्याची जागा तेथून किती दूर, या तीन गोष्टी संयोजकांकडून लेखी मागवाव्या. लंका नांवाच्या वस्तीकडील सिंहद्वार हें मुख्य प्रवेशद्वार; रिक्षावाल्यास तेवढें सांगितलें कीं पुरतें.

विद्यापीठाच्या अतिथिगृहांतील खोली ही प्रतिनिधीसाठीं असते, कुटुंबासाठीं नव्हे. "एक जास्तीची खाट टाका" अशी गळ स्वागतसमितीस घालणें शिष्टाचारास धरून नाहीं; त्यांच्याकडे शेंकडों माणसांची व्यवस्था असते. घरच्या मंडळींची सोय आपण स्वतंत्र करावी आणि ती शक्यतों अस्सी घाटाच्या बाजूस करावी. अस्सी हा दक्षिणेकडील घाट सिंहद्वारापासून सुमारें दोन किलोमीटरांवर आहे. गोदौलियाच्या गर्दींत खोली घेतली, तर देऊळ जवळ पडतें खरें. परंतु त्या भागांत वाहनांस मज्जाव असल्यामुळें सामान घेऊन गल्लीबोळांतून चालावें लागतें, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाचे तेथें हाल होतात. नोकरींत असणाऱ्यांनीं निमंत्रणपत्र, निबंध स्वीकारल्याचें पत्र आणि शेवटीं उपस्थितीचें प्रमाणपत्र हीं तिन्ही जपून ठेवावीं. रजा व प्रवासखर्च यांचा हिशेब त्यांवरच चालतो. निबंधाची छापील प्रत हातपिशवींत असावी, मोठ्या सामानांत नव्हे.

सर्वांत सोपी व्यवस्था आम्हांस अशी दिसते: प्रतिनिधीनें पुढें जावें आणि घरच्यांनीं परिषदेच्या शेवटच्या दिवशीं संध्याकाळीं पोहोंचावें. मधल्या सुटींतला वेळ विद्यापीठाच्या आवारांतच सत्कारणीं लागतो. राय कृष्णदासांनीं १९२० सालीं स्थापिलेलें भारत कला भवन तेथें आहे. त्यांतील लघुचित्रें पाहावयास एक दुपारही अपुरी पडते. सुटीच्या दिवशीं तें बंद असतें, म्हणून आधीं विचारावें. १९६६ सालीं पुरें झालेलें नवें विश्वनाथमंदिरही आवारांतच आहे. शिवाय परिषदेचा खरा लाभ व्याख्यानांइतकाच चहाच्या वेळीं होतो. ज्यांचीं पुस्तकें आपण वर्षानुवर्षें वाचलीं, ते विद्वान् त्या पंधरा मिनिटांत शेजारीं उभे असतात. ती वेळ मंडळींना रिक्षा मिळाली कीं नाहीं, या चिंतेंत घालवूं नये.

मग घरच्या काशीचे तीन दिवस. पहिल्या दिवशीं गंगास्नान व विश्वनाथाचें दर्शन. हल्लींचें मंदिर अहिल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं बांधविलें, हें मुलांना आवर्जून सांगावें. १३ डिसेंबर २०२१ रोजीं खुल्या झालेल्या नव्या प्रशस्त आवारामुळें ललिता घाटाकडून थेट मंदिराकडे जातां येतें. मात्र पायऱ्या चढाव्या लागतात. मंदिरांत फोन नेऊं देत नाहींत. म्हणून चुकामूक झाल्यास कोठें भेटावयाचें, हें आधींच ठरवून घ्यावें. सोमवार टाळावा, आणि पहांटे लवकर निघावें.

दुसऱ्या दिवशीं अस्सीवरून नाव करून उत्तरेकडे जावें. भाडें बसण्यापूर्वीं ठरवावें. वृद्धांना घाट दाखविण्याचा याहून सुखाचा मार्ग नाहीं. वाटेंत नागपूरकर भोसल्यांचा घाट लागतो, शिंद्यांचा लागतो. शिवछत्रपतींच्या १६७४ सालच्या राज्याभिषेकास आलेले गागाभट्ट येथलेच. त्यांच्या घराण्याचें मूळ पैठणचें. पुण्यास जन्मलेले बापूदेव शास्त्री (१८२१–१९००) येथील संस्कृत पाठशाळेंत गणित व ज्योतिष शिकवीत. त्या पाठशाळेची स्थापना १७९१ ची. आज ती संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून नांदते. हिंदी वृत्तपत्रसृष्टींत 'आज' पत्राचे संपादक म्हणून कीर्ति मिळविणारे बाबूराव विष्णु पराडकर हेही आपल्याच मराठी घरांतले. तेव्हां काशीला जाणारा मराठी माणूस केवळ पुण्य आणावयास जात असे, असें नाहीं. विद्या नेण्यासाठीं व देण्यासाठीं तो पिढ्यान् पिढ्या तेथें गेला आहे.

तिसरा दिवस सारनाथला. तें शहरापासून सुमारें १० किलोमीटरांवर उत्तरेस आहे. धामेक स्तूप आणि संग्रहालयांतील अशोकाचा सिंहशीर्ष हीं दोन्ही पाहावीं. आपल्या राजमुद्रेवरील सिंह ते हेच. संग्रहालय शुक्रवारीं बंद असतें.

खाण्याची आबाळ येथें होत नाहीं. सकाळीं कचोरी-भाजी व जिलबी, हिंवाळ्यांत दुधाच्या फेंसाची मलइयो, आणि वाटेल तेथें लस्सी मिळते. ठंडाई घेतांना मात्र ती भांगेवांचूनची आहे ना, हें स्पष्ट विचारावें. खरेदी शेवटच्या दिवसासाठीं ठेवावी. बनारसी शालूस २००९ सालीं भौगोलिक ओळखीचें संरक्षण मिळालेलें आहे, तरी यंत्रमागाचे नकली शालूही तेथें पुष्कळ विकतात. रिक्षावाला ज्या दुकानाची शिफारस करील तें टाळावें, आणि हातमागाची खूण व पावती मागावी.

शेवटीं जें सांगावयाचें तें प्रवासाचें नाहीं, घराचें आहे. मुलगा परिषदेस निघाला, तर त्याच्या टांचणवहींत निबंधाचीं टिपणें असतात; सून निघाली, तर त्याच वहीच्या पहिल्या पानावर गंगाजलाचे गडू किती, अन्नपूर्णेच्या मूर्ति किती आणि शालू कोणकोणासाठीं, याची यादी येऊन बसते. यादी देणारे प्रेमानेंच देतात. पण तिनें सकाळीं स्वयंपाक व रात्रीं मुलांचा अभ्यास सांभाळून त्या वीस मिनिटांच्या निबंधासाठीं किती महिने खर्चिले, याचा त्यांना विसर पडतो. ज्या शहरांत आपले पूर्वज विद्येसाठीं गेले, तेथें आपल्या घरची मुलगी विदुषी म्हणून बोलावली जाते, ही काय लहान गोष्ट आहे? तिला वाट दाखविणारी सोबतीण म्हणून आपल्यामागें ओढूं नये. शक्य तर घरांतील एखाद्या वडील बाईनें तिच्या निबंधाच्या दिवशींच पोहोंचून सभागृहांत मागच्या रांगेंत बसून ऐकावें. विषय समजला नाहीं तरी चालेल. विश्वनाथ दुसऱ्या दिवशींही तेथेंच असतो. निबंध वाचण्याची तिची वेळ मात्र त्या एकाच दुपारची असते.